सासऱ्यांच्या खोलीतली शांतता

"शांतता शांततेत फरक असतो! भरलेल्या कपाटाच्या खोलीची वेगळी, रिकाम्या कपाटाच्या खोलीची वेगळी. डोळे बांधा, मी ओळखून दाखवतो!"

हे कानसाहेब छातीठोकपणे सांगत. चित्रपटांसाठी पावलं, वारा, दरवाजे असे आवाज जमवायचे, हा त्यांचा धंदा. स्टुडिओत सगळे त्यांना आदराने कानसाहेब म्हणत. घरी सासूबाईही म्हणत, पण त्यांचा सूर जरा निराळा असे. दिवंगत सासऱ्यांच्या खोलीच्या दाराची बिजागरी महिनाभर कुरकुरत होती आणि "जावईबापू, तेवढं तेल घाला" हे वाक्य त्या नामांकित कानांत एकदाही शिरलं नव्हतं.

सध्याचा चित्रपट भुताचा होता. नायक टेप लावून मेलेल्या बायकोशी बोलू पाहतो आणि एक दिवस टेपवर भलतंच कुणीतरी उत्तर देतं. ते उत्तर काही जमेना. पाच नट घसा खरवडून घरी गेले. दिग्दर्शक दर वेळी चहात बिस्कीट बुडवून म्हणे, "नाही घाबरलो." शेवटी त्याने बजावलं, "शुक्रवारी चारपर्यंत मला घाबरवा. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

"शुक्रवारी तुमच्या हातातून कप पडला नाही, तर मी कान कापून देईन!" कानसाहेब गरजले.

गुरुवारी दुपारी त्यांनी सासऱ्यांच्या खोलीत कपाटामागे जुनं टेपयंत्र लावलं. बंद खोलीची शांतता पकडायची आणि तिच्यावर सहाव्या नटाचा आवाज चढवायचा, असा बेत. बारीकसारीक काही सुटू नये म्हणून टेप दुप्पट वेगाने फिरायला ठेवली, दार लोटलं आणि बाहेर जाऊन ते गाढ झोपले.

शुक्रवारी साडेतीन वाजता दिग्दर्शकासमोर स्टुडिओच्या यंत्रावर टेप चढली. आधी ऐकून पाहायला वेळ होताच कुणाला!

टिक्… बऱ्याच वेळाने टॉक्… मग दार करकरलं, जणू एखादी शवपेटी आळस देत होती. आणि मग घोगरा, जड, पुरुषी आवाज आला. त्या घरघरीतून तुटक एवढंच कळलं:

"स्व…प्ना…त… जा… सो…डू… न…का… त्या…ला…"

कप पडला! बिस्किटासकट!

"कोण आहे हा नट?" दिग्दर्शक पुटपुटला.

"नट नाही," कानसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खोली बंद होती. हे… हे आमचे सासरे आहेत!"

त्यांनी बायकोला फोन लावला. ती आईला घेऊन धावत आली. सासूबाईंनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले.

"छे!" सासूबाई म्हणाल्या. "हे इतकं सावकाश कधीच बोलले नाहीत. मी बोलू दिलं असतं होय?"

बायकोने हेडफोन घेतला. "अहो, बाबांचं घड्याळ एवढं रेंगाळत कधीपासून चालायला लागलं?"

कानसाहेबांनी यंत्राकडे पाहिलं. वेगाच्या बटणाकडे पाहिलं. दुप्पट वेगाने भरलेली टेप इथे साध्या वेगाने चालली होती. त्यांचे कान आधी लाल झाले, मग जांभळे. त्यांनी टेप मागे घेतली, बटण फिरवलं आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज स्टुडिओभर घुमला.

"महिनाभर दार कुरकुरतंय! त्याला म्हणे मुंगीची पावलं ऐकू येतात. स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही! अहो, आता तुम्हीच जावयाच्या स्वप्नात जा. तेल घालेपर्यंत सोडू नका त्याला!"

बायको छताकडे बघू लागली. सासूबाई मात्र जराही ओशाळल्या नाहीत.

"रोज दुपारी बोलते मी यांच्याशी. चाळीस वर्षांची सवय. ते तेव्हाही उत्तर देत नव्हते."

दिग्दर्शक हात जोडून उभा राहिला. "कानसाहेब, काम तुमचंच. पण भुताचा आवाज ह्याच देतील."

"देईन की," सासूबाई म्हणाल्या. "आधी बिजागरी."

त्याच संध्याकाळी कानसाहेबांनी घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल पाजलं. सोमवारी दिग्दर्शकाचा फोन आला. "सगळं झकास! फक्त ती दाराची कुरकुर अस्पष्ट आलीय. तेवढी पुन्हा घ्या."

कानसाहेबांनी खोलीचं दार शंभरदा उघडून लावून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं! स्टुडिओतली दारं ओढून पाहिली, खुर्च्या पिळल्या. एकही त्या तोडीचं रडेना.

"व्हा बाजूला," सासूबाई माईकपुढे उभ्या राहिल्या. "महिनाभर ऐकलीय मी. पाठ झालीय."

त्यांनी पदर सावरला, घसा आवळला आणि अशी काही 'कुर्रर्रर्र' काढली, की दिग्दर्शकाने दुसरा कपही सोडला.

आणि कानसाहेब? ते उठले आणि तेलाची बाटली शोधू लागले.