हौदामागची जागा

खंडेनवमीच्या सकाळी सात वाजता श्रीदेवीनं बटण दाबलं. मोटार घुमली, पट्टा फिरला, पंप थरथरला आणि तानाजीच्या हातातल्या गनमधून पाणी बाहेर पडलं. बाहेर पडलं म्हणजे खाली पडलं. समोरच्या जीपपर्यंत ते गेलंच नाही; तानाजीच्या पायावर पडलं आणि तिथंच थांबलं.

रॅम्पवर जीप चढवून बसलेल्या मल्लिकार्जुननं खिडकीतून मान बाहेर काढली.

"अक्का, जीप धुवायलाव का तुळशीला पाणी घालायलाव?"

जीपच्या मागं फाटकापर्यंत दोन टेम्पो, एक टमटम आणि एक ट्रॅक्टर उभा होता. आज प्रत्येकाला आपल्या गाडीची पूजा बाराच्या आत करायची होती आणि मळक्या गाडीला हार घालायला कुणीच तयार नव्हतं. बिदरमध्ये गाड्या धुणाऱ्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस हाच. नौबादच्या रस्त्यावर 'पिराप्पा वॉटर सर्व्हिसिंग' ही पाटी लागल्याला चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षं या दिवशी पिराप्पा स्वतः मशीनजवळ उभे असत. आषाढात ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

श्रीदेवी त्यांची मुलगी. भालकीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. भाऊ सुनीलकुमार पुण्याला कंपनीत होता आणि त्यानं फोनवर 'मशीन विकून टाका' असं सांगितलं होतं. अमृतप्पामामांचंही तेच मत. शेवटी श्रीदेवीनं त्यांच्याकडून एक दिवस मागून घेतला होता. खंडेनवमीला मशीन धड चाललं, तर सर्व्हिसिंग तानाजी चालवणार आणि दर शनिवारी ती येऊन बघणार. नाही चाललं, तर सोमवारी भंगारवाला येणार. मामांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

"तीन महिने झाले, जोर कमीच व्हायलाय," तानाजी म्हणाला. तो मेहकरचा, पन्नाशीचा. चौदा वर्षं गन त्याच्या हातात होती. पंपाला मात्र त्यानं बोट लावलं नव्हतं. पंप अप्पांचा. "मला वाटतंय, अक्का, मशीननं अप्पाचं दुःख घेतलंय."

पुस्तकात बघण्याची सवय असल्यानं श्रीदेवीनं पुस्तक आणलं. पंपाबरोबर कोइमतूरहून आलेलं, तेलाच्या डागांनी भरलेलं. त्यात जोर कमी होण्याची अकरा कारणं दिली होती. बारावं नव्हतं.

"एक," ती म्हणाली. "नोझल तुंबलंय का बघा."

तानाजीनं नोझल काढलं, सुई घातली, फुंकर मारली, परत लावलं. पाणी आता त्याच्या डाव्या पायावर पडू लागलं. आधी उजव्या पायावर पडत होतं.

"दोन. पट्टा ढिला झालाय का."

पट्टा ताणला. पंप अशा आवाजात किंचाळू लागला की फाटकात झोपलेलं कुत्रं उठून थेट मैलूरच्या दिशेनं चालतं झालं. पाणी होतं तेवढंच. तीन, चार, पाच, सहा झालं. तेल बघितलं, नट आवळले. सात आणि आठ दोघांनाही कळले नाहीत, म्हणून ते झाले असं धरलं. नऊ आणि दहानंही फरक पडला नाही.

"अकरा. गाळणी तुंबलीय का."

"कसली गाळणी?"

"हौदात पाइप सोडतात ना, त्याच्या तोंडाला असते ती."

"आपल्याला गाळणीच न्हाई, अक्का. पयल्याच वर्षी फुटली. अप्पा म्हणले, दुसरी मागवतो. मग मागवलीच न्हाई वाटतं."

जी वस्तूच नाही, ती तुंबणार कशी? श्रीदेवीनं अकरावर काट मारली आणि पुस्तक मिटलं.

तेवढ्यात रेवणसिद्धप्पा आला. तो मोटारींचं वायंडिंग करायचा. आज स्वतःची स्कूटर धुऊन घ्यायला आला होता. पाच मिनिटं मान वाकडी करून त्यानं मोटारीचा आवाज ऐकला.

"उलटी फिरायलीय," तो म्हणाला.

"उलटी कामून फिरंल?" तानाजीनं विचारलं.

"रात्री करंट गेलता का? आल्यावर फेज बदलला आसंल."

त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली. मोटार दुसऱ्या बाजूनं फिरू लागली. पाणी तेवढंच. मग त्यानं वायरी पुन्हा बदलल्या. पाणी तेवढंच. तिसऱ्यांदा बदलल्यावर मल्लिकार्जुननं विचारलं, "आता सुलटी हाय का उलटी?" रेवणसिद्धप्पानं तानाजीकडं पाहिलं, तानाजीनं श्रीदेवीकडं. सुरुवातीला ती कुठल्या बाजूनं फिरत होती, हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

साडेआठला उदगीरच्या एसटीनं अमृतप्पामामा उतरले. धोतराऐवजी आज त्यांनी पँट घातली होती, पायात बूट होते. रांग पाहून ते क्षणभर खूश झाले. मग गन पाहिली.

"पूजा केलाव का मशीनची?"

"गाड्या झाल्यावर करणार होतो, मामा," श्रीदेवी म्हणाली.

"हितंच चुकायलंय तुमचं! पिराप्पानं आणल्यापासनं न चुकता पूजा घेतलेलं मशीन हाय ते. ह्या साली तसंच उपाशी ठिवलाव. चालंल कसं?"

बघता बघता नारळ आला, झेंडू आला. मामांनी बूट काढले, मोजे बुटात खोचले आणि बूट अगदी समोर, डोळ्यांपुढं ठेवले. त्यालाही कारण होतं. सुनीलच्या साखरपुड्यात रॅम्पशेजारच्या याच घरातून त्यांचा एक मोजा नाहीसा झाला होता आणि ते एका मोज्यावर उदगीरला परतले होते. या घरात मोजे हरवत, आणि हरवत ते एक एकच. श्रीदेवीच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, शाळेच्या मोज्यांवर तांबड्या दोऱ्यानं 'श्री' असं काढून पाहिलं, तरी ते हरवलेच. वेगवेगळे मोजे घालून आली म्हणून सातवीत श्रीदेवी दोन वेळा बाकावर उभी राहिली होती. पिराप्पांना विचारलं की ते शांतपणे म्हणत, "उंदीर नेत असतील." एकच मोजा नेणारा हा कसला उंदीर, असा प्रश्न म्हाळसाबाई बरीच वर्षं विचारत होत्या.

पूजा यथासांग झाली. पंपाला हळदकुंकू लागलं, मोटारीला हार पडला, नारळ फुटला. मामांनी हात जोडले आणि तानाजी बटणाकडं गेला.

"थांब!" मामा ओरडले. "काय करायलास?"

"चालू करायलोय."

"पूजा झालेलं हत्यार आज चालवायचं नसतंय. उद्या सकाळी उत्तरपूजा, मग चालू."

फाटकापर्यंतचे सगळेच एकदम बोलू लागले. गाडी धुतल्याशिवाय तिची पूजा नाही. आणि मशीनची पूजा झाल्यामुळं गाडी धुणं नाही. मल्लिकार्जुन जीपमधून उतरून मामांसमोर उभा राहिला.

"मामा, हे तुम्हाला नारळ फोडायच्या आधी ठावं व्हतं का?"

"ठावं व्हतं," मामा म्हणाले आणि फुटलेल्या नारळाकडं बघू लागले.

दारात उभ्या असलेल्या म्हाळसाबाई तीन महिन्यांत चार वाक्यांपेक्षा जास्त बोलल्या नव्हत्या. त्या आता पुढं आल्या.

"अण्णा, भंगलेल्या मूर्तीची पूजा करतेत का?"

"न्हाई."

"मग बिघडलेल्या मशीनची कशी लागू व्हईल? दुरुस्त करा. सांजच्याला पुन्यांदा पूजा करू."

मामा बटणासमोरून बाजूला झाले. मशीन पुन्हा चालू झालं. पाणी तेवढंच पडलं. या वेळी झेंडूवर.

साडेनऊ वाजले. टमटमवाला निघून गेला. टेम्पोवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मैलूरला नवं सर्व्हिसिंग निघालं होतं, तिथं दोन गन होत्या. मामांनी खिशातून फोन काढून बघितला, परत ठेवला.

श्रीदेवी पंपाजवळच्या दगडावर बसली. "तानाजीकाका," ती म्हणाली, "अप्पा रोज चालू करायच्या आधी काय काय करायचे? सगळं सांगा."

"पान्यानं दोनदा ठोकायचे की."

खिळ्याला टांगलेला पाना काढून तिनं पंपावर दोनदा ठोकलं. काही नाही.

"कानडीत शिवी द्यायचा," रेवणसिद्धप्पा म्हणाला. मुलीच्या तोंडून ते बरं दिसणार नाही, म्हणून ती जबाबदारी त्यानंच घेतली, आणि इतक्या मनापासून पार पाडली की म्हाळसाबाई घरात निघून गेल्या. मशीनवर परिणाम झाला नाही.

"अन् त्याच्या बी आधी," मल्लिकार्जुन म्हणाला, "हौदामागं जायचे."

तानाजीनं त्याच्यावर डोळे वटारले.

"हौदामागं कशाला?" श्रीदेवीनं विचारलं.

गडीमाणसं जमिनीकडं बघू लागली.

"आता कशाला म्हंजे..." तानाजी म्हणाला. "माणूस जातंय."

"रोज?"

"रोज सकाळी. उन्हाळ्यात दोनदा."

"शुगर आसंल," रेवणसिद्धप्पा हळूच म्हणाला.

"त्यांना शुगर नव्हती," घरातून म्हाळसाबाईंचा आवाज आला. "अन् घरात संडास हाय."

"तुम्ही कुणी मागं जाऊन बघितलं नाही कधी?" श्रीदेवीनं विचारलं.

तानाजी हादरला. "अक्का! आसं कुणी बघतंय व्हय? चौदा वर्सं झाली, मी तिकडं तोंड बी केलं न्हाई."

श्रीदेवी उठली आणि हौदाकडं निघाली. "तिकडं नको, अक्का," तानाजी म्हणाला. तोवर ती वळली होती. मग सगळ्यांनी पाठ फिरवली. मल्लिकार्जुननं जीपमध्ये बसून काच वर घेतली. मागं पिराप्पा नव्हते, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तोंडं फिरली.

हौद आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती. भिंत कोरडी होती. एक पाट होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. हौदाला या बाजूनं पत्र्याचं एक झाकण होतं आणि त्याच्या वर, भिंतीतल्या दोन खिळ्यांना, सुतळी बांधली होती. सुतळीवर ओळीनं मोजे वाळत होते. सुनीलचे क्रिकेटचे. अप्पांचे स्वतःचे. एक तपकिरी, मामांचा. सगळ्यांच्या बोटांशी भोकं पडलेली, सगळे बिदरच्या मातीनं तांबडे झालेले.

तिनं झाकण सरकवलं आणि हौदातला पाइप वर ओढला. त्याच्या तोंडाला गाळणीच्या जागी एक मोजा सुतळीनं आवळला होता. बोअरच्या पाण्यातली तीन महिन्यांची माती त्याच्यात बसून तो विटेसारखा झाला होता. त्यातून पाणीच काय, वारा गेला नसता. सुतळी सोडून तिनं तो बादलीत खळबळला. माती गेली तसा पांढरा रंग आला, मग दोन निळे पट्टे, मग कडेला तांबड्या दोऱ्याचं अक्षर. ती पाटावर बसली.

"अक्का," तानाजीनं पाठमोऱ्यानंच हाक मारली, "सगळं ठीक हाय ना?"

"हाय," ती म्हणाली.

मोज्यात बोट घालून पाहिलं तर ते टाचेतून बाहेर आलं. आता हाही गेला होता. ती हौदामागून बाहेर आली, तेव्हा कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. मशीनसमोर मामांचे बूट होते आणि बुटात नवेकोरे तपकिरी मोजे. मामाही शिष्टाचार पाळून रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

दोन मिनिटांनी ती म्हणाली, "करा चालू."

तानाजीनं बटण दाबलं आणि गन उचलली. पाणी असं सुटलं की तो दोन पावलं मागं सरकला, जीपच्या दारावरचा चिखल उडून कुंपणाला लागला आणि खाली उतरलेल्या मल्लिकार्जुनची टोपी रस्त्यापलीकडं गेली. "आलं! आलं!" रेवणसिद्धप्पा ओरडला. आपल्या वायरी अखेर बरोबर लागल्या, हे त्यानं पुढं वर्षभर लोकांना सांगितलं. मामांच्या मते पूजेचं फळ उशिरा आलं होतं. तानाजी एवढंच म्हणाला, की अक्का मागं जाऊन रडली असेल, ते मशीननं ऐकलं.

बाराच्या आत टमटमसकट सगळ्या गाड्या धुऊन झाल्या. टमटमवाला मैलूरहून परत आला होता. तिथं रांग मोठी होती.

जेवणं झाल्यावर मामा बूट घालायला बसले.

"माझा एक मोजा कुठं गेला?"

पदराला हात पुसत श्रीदेवी म्हणाली, "उंदीर नेत असतील, मामा."

म्हाळसाबाईंनी मान वर केली. त्यांनी मुलीकडं पाहिलं, मग हौदाकडं. त्या आत गेल्या, लोखंडी कपाटाला किल्ली लागल्याचा आवाज आला, आणि त्या एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत एकेकटे मोजे होते. वीसबावीस तरी असतील.

"कधी तरी जोडी सापडंल म्हणून ठिवले व्हते," त्या म्हणाल्या. "बाई गं, ह्यांनी मागितले असते तर दिले नसते का मी?"

त्यांनी पिशवीतून दोन निळ्या पट्ट्यांचा एक काढून भावापुढं धरला. "ह्यो घाला, अण्णा."

पाचच्या एसटीत मामा चढले तेव्हा त्यांच्या एका पायात तपकिरी मोजा होता आणि दुसऱ्यात सातवीतल्या मुलीचा, टाचेपर्यंतही न पोचलेला. भंगारवाल्याला काय सांगायचं, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा म्हाळसाबाई म्हणाल्या, "गाडी धुवायला ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता श्रीदेवीनं पिशवीतला एक मोजा उचलला आणि ती हौदामागं गेली. आता तानाजीला सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं तोंड फिरवलं.