परकीयभय : सहीविना नोंद

भीतीवर सही असल्याशिवाय ती खरी मानू नये. शब्दकोश कार्यालयाचा हा नियम अत्यंत शहाणपणाचा होता. भीतीचा कुठलाही शब्द छापण्याआधी ती भीती असलेल्या एका तरी नागरिकाची सही लागे. उंचीच्या भीतीवर हेडक्लार्कने सही केली (तळमजल्यावर बसून). पालीच्या भीतीवर खुद्द संचालकांनी.

‘परकीयभय’ हा शब्द उपसंपादकांच्या वाट्याला आला. अर्थ सोपा होता : परदेशी माणसांची उगाचच वाटणारी भीती. सही मात्र मिळेना. त्यांनी दोनशे बारा घरं पालथी घातली. भीती असलेले, शून्य. “आम्हाला नाही बाई, समोरच्या बिल्डिंगमध्ये विचारा,” म्हणणारे, दोनशे नऊ. उरलेल्या तिघांनी उपसंपादकांनाच बाहेरचे समजून दार उघडलं नाही (त्यांना पाहणीतून वगळण्यात आलं). एवढं निर्भय शहर पाहून उपसंपादकांचा ऊर भरून आला.

त्याच आठवड्यात कार्यालयातल्या मुद्रितशोधक बाई त्यांच्या टेबलापाशी आल्या. बाई परदेशातून आलेल्या. सतरा वर्षं इथल्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होत्या. त्यांची इमारत पाडायला काढली होती, महिनाअखेर घर सोडायचं होतं, आणि एकोणीस घरमालकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

“साहेब, तुमची वरची खोली रिकामी आहे म्हणे?”

“आहे की. माझी काहीच हरकत नाही हो,” उपसंपादक म्हणाले, “पण आईचं वय झालंय. तिला नवीन माणसाची धास्ती वाटते.”

(आई गेली चार वर्षं ‘वर कुणीतरी ठेव रे, बोलायला माणूस नाही’ म्हणून त्यांचं डोकं खात होती.)

“मग आईंची सही घेतलीत का?” बाईंनी विचारलं.

“आईला कसली भीती? काहीतरीच तुमचं.”

उपसंपादकांना मनापासून वाईट वाटलं. बाईंचं काम खरोखर चोख होतं. पण वाईट वाटण्याला कोशात सही लागत नाही, म्हणून ते लगेच पुढच्या कामाला लागले. सहीअभावी नोंद अशी झाली : ‘परकीयभय. अप्रचलित. आपल्याकडे आढळत नाही.’

तपासायला ती बाईंकडेच गेली. त्यांनी ती दोनदा वाचली, एकही चूक दाखवली नाही आणि तीस तारखेला शहर सोडलं.

बाई नेमक्या कोणत्या देशाच्या, हे इथे सांगितलेलं नाही. तरी वाचता वाचता तुमच्या मनात एक देश येऊन गेलाच असेल. सहीसाठी कार्यालय दहा ते पाच उघडं असतं.