पांढऱ्या गोळ्यांचा कप्पा

सून घरात शिरली ती दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढूनच. उंच क्रेन चालवायच्या प्रशिक्षणासाठी एकोणचाळीस जणांतून सहा निवडले होते आणि त्यात ती एकटी बाई. दोन दिवसांची परीक्षा, साठ मीटरची शिडी, वर घोंघावणारा वारा, सगळं तिला एका दमात सांगायचं होतं. पण परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता, की गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घरीच राहिलंय. सोमवारची गोळी बुडाली, मंगळवारची बुडाली आणि आज बुधवार. आठ महिन्यांच्या प्रशिक्षणात पोटुशीला शिडीवर पाऊल ठेवू देणार नव्हते. हे पहिल्याच दिवशी बजावून झालं होतं.

म्हणून आनंदाची बातमी तशीच तोंडात धरून ती आधी औषधांच्या फळीकडे धावली. पाकीट ती जीवनसत्त्वांच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवायची, कारण सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मूल इतक्यात नको, हे त्यांना सांगायचा धीर तिलाही झाला नव्हता आणि नवऱ्याला तर त्याहून नाही. दोन वर्षं दोघांनी नुसत्या 'बघू'वर काढली होती.

फळीवर खोकं नव्हतं. पाकिटंही नव्हती. होती ती चोवीस कप्प्यांची एक प्लॅस्टिकची पेटी, आणि शेजारी कृतार्थ चेहऱ्याने उभे असलेले सासरे.

सासरे कारखान्याच्या सुट्या भागांच्या कोठारावर तीस वर्षं होते. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. एवढ्यात घरातले खिळे, बटणं आणि चमचे लावून संपले होते, त्यामुळे सून परीक्षेला गेली त्याच दिवशी त्यांनी औषधांना हात घातला. पाकिटं उगाच जागा खातात, असं त्यांचं मत पडलं. मग सगळ्या गोळ्या सोलून त्यांनी रंग आणि आकार बघून कप्प्यांत भरल्या.

"बाबा, माझ्या खोक्यातल्या गोळ्या कुठे गेल्या?"

"बारीक, पांढऱ्या, गोल? त्या माझ्या रक्तदाबाच्या कप्प्यात. हुबेहूब सारख्या निघाल्या. एकाच मालाला दोन कप्पे कशाला?"

"आणि तुम्ही त्यातल्याच घेताय?"

"रोज सकाळी एक. न चुकता."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने हळू आवाजात त्या कसल्या गोळ्या आहेत ते सांगितलं. सासरे खुर्चीत बसले. बराच वेळ ते आपल्या पोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: तिची निवड झाली का, आणि हे सासूबाईंना कळलंय का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, हे ऐकल्यावर त्यांनी पेटी काखेत मारली. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकोला बल्ब आणायला जातो असं ओरडून सांगितलं आणि सुनेला घेऊन ते जवळजवळ पळतच कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात पोहोचले.

दुकानातल्या बाईंनी आधी त्यांचा रक्तदाब मोजला. तो चांगलाच चढलेला होता. तीन दिवस खरी गोळी बहुधा पोटात गेलीच नव्हती. त्यांनी सासऱ्यांना नवीन पाकिटातली एक गोळी घ्यायला लावली आणि संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. पेटीतल्या पांढऱ्या गोळ्या त्यांनी सरळ बाजूला काढल्या, ओळखू न येणारं औषध कोणीच घ्यायचं नाही म्हणून.

"पण त्या दुसऱ्या गोळ्यांनी मला काही होणार नाही ना?" सासऱ्यांनी विचारलं. "सकाळपासून जरा आंबट खावंसं वाटतंय."

"काका, त्या गोळ्या दिवस राहू नयेत म्हणून असतात," बाई म्हणाल्या.

मग सुनेची पाळी आली. सासऱ्यांचं म्हणणं पडलं, की तीन राहिल्यात तर तीन एकदम घेऊन बाकी चुकती करावी. बाई 'नाही' म्हणायला तोंड उघडतात तोच मागून आवाज आला.

"तिन्ही एकदम घेऊ नकोस गं. मी घेतल्या होत्या एकदा. दिवसभर मळमळत होतं."

दारात सासूबाई उभ्या होत्या. एका बल्बसाठी दोन माणसं आणि काखेत औषधांची पेटी, हे त्यांना काही पटलं नव्हतं.

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी सुनेला पाकिटातल्या किती झाल्या होत्या ते विचारलं. ओळीने नऊ, असं कळल्यावर त्या दुकानातल्या बाईंकडे वळल्या. आता नवीन पाकिटातली एक घ्यायची, रोजची चालू ठेवायची, आणि सात दिवस दुसरी काळजी घ्यायची, बरोबर ना? बाईंनी मान डोलावली. गेल्या आठवड्यात नवरा जवळ होता का, एवढंच त्यांनी सुनेला विचारलं. तो पंधरा दिवस बाहेरगावी लिफ्ट बसवत होता आणि उद्या यायचा होता. "मग पोरगा यायच्या आत निरोधचं पाकीटही घेऊन ठेव," सासूबाई म्हणाल्या. सासरे मन लावून टूथब्रश बघू लागले.

सुनेला रडू आणि हसू एकदमच आलं. "आई, तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? शिडी चढून आलीस ना? ते आधी सांग."

तिने भर दुकानात सगळं सांगितलं, हातवारे करून, वाऱ्याच्या आवाजासकट. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या दोघांनीही ते पूर्ण ऐकलं.

घराकडे परतताना सून पुढे चालत नवऱ्याला फोनवर बातमी देत होती. सासरे मागून बोटांवर वर्षं मोजत येत होते. त्यांच्या दोन मुलांमध्ये पाच वर्षांचं अंतर होतं आणि त्या अंतराचं श्रेय ते आजवर चारचौघांत स्वतःच्या संयमाला देत आले होते. शेवटी ते थांबले.

"पाच वर्षं माझ्यापासून लपवलंस. तुला आणून तरी कोण द्यायचं?"

"तुमच्या आई," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनीच बजावलं होतं, याला सांगू नकोस, हा मोजत बसेल."