एकेरी वाट

अक्कांनी भावाला एकच काम सांगितलं होतं. हॉलच्या फरशीवर जीवनवृक्ष रंगवून दे.

भाऊ रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायचा. अक्का त्याची थोरली बहीण, गूढविद्या मंडळाच्या संस्थापक आणि आजन्म अध्यक्ष. दहा वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या बावीस वाटा, असा त्यांचा वृक्ष. साधकाने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी खालच्या वर्तुळातून निघायचं आणि एकेक वाट जगत वर जायचं. वरच्या वर्तुळात अक्कांची खुर्ची होती.

खालचं वर्तुळ दाराशी, चपलांच्या शेजारी. तिथे भावाची बायको तीन वर्षं उभी होती.

"वन्सं, मी आता निघू का वर?" ती दर आठवड्याला विचारी.

"घाई नको गं. पात्रता यावी लागते," अक्का म्हणत.

रंगकामाच्या आदल्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, "उद्या नाही सोडलं वर, तर मंडळ बंद. आणि तुमच्या अक्कांकडे येणं-जाणंही बंद."

सकाळी दोरी ताणत त्याने विचारलं, "अक्का, या वाटांवर रहदारी कशी असते?"

"जीव खालून वर जातो. कृपा वरून खाली येते."

"म्हणजे दुहेरी. एवढ्या रुंदीत नाही बसणार गं."

"तुला कळतं तसं कर. मी ध्यानात आहे."

त्याला एकाच प्रकारे कळत होतं. कडेच्या वाटा त्याने वर जाणाऱ्या केल्या, मधली सरळ रेघ खाली येणारी. बाण काढले. मधल्या वर्तुळात सगळ्या बाजूंनी वाटा येत होत्या, तिथे गोल चक्कर केलं. दोन ठिकाणी झेब्रा, आडव्या वाटांवर थांबा-रेषा. वरच्या वर्तुळाला तर तीन वाटा भिडत होत्या, म्हणून तिथे ठळक अक्षरांत लिहिलं: थांबू नये. पण त्या खुर्चीत ध्यानाला बसलेल्या अक्का उठल्या दुपारी उशिरा, त्यामुळे तेवढा रंग ओला राहिला.

संध्याकाळी दिवे मंद केले. रस्त्याच्या रंगात काचेची भुकटी असते. दिवा हलला की वाटा चमकत, जणू फरशीखालून कुणी कंदील घेऊन चाललं आहे. साधक अनवाणी निघाले. पंखा संथ फिरत होता, आणि माणसं त्याहून संथ.

मंडळाचा नियम होता, वाट सांगेल ते करायचं, डोकं चालवायचं नाही. निवृत्त दंतवैद्य झेब्र्याशी पोचले आणि त्यांचे डोळे भरून आले. "प्रकाश, अंधार, प्रकाश, अंधार..." ते पुटपुटले. बँकेतल्या बाई गोल चक्करात शिरल्या आणि फिरतच राहिल्या. त्यांच्यामागे शिंपी, शिंप्यामागे त्याची मेहुणी. बाहेर पडायला कुणी कुणाला जागा देईना. चेहऱ्यावर मात्र सगळ्यांच्या अपार शांती.

भावाची बायको कडेच्या बाणाने निघाली. आडव्या वाटेवरचे ज्येष्ठ साधक थांबा-रेषेशी आपोआप थबकले. तिला कुणीच अडवलं नाही. स्वप्नात जिना चढावा तशी ती वर गेली आणि खुर्चीसमोर उभी राहिली. तिच्यामागे दंतवैद्य, आणि त्यांच्यामागे रांग.

अक्का हलेनात.

दंतवैद्य खोकले. "अक्का, वाट सांगते आहे, थांबू नये."

"मला दिसतंय!"

भाऊ कोपऱ्यात उभा होता. एकीकडे बहीण, दुसरीकडे बायको, मध्ये तुंबलेली वाहतूक. त्याचा हात जन्माच्या सवयीने वर गेला. "चला अक्का, चला. मागे तुंबलंय."

अक्का उठल्या. स्वतःचाच नियम, करतात काय? ओल्या रंगातून पाय उचलत मधल्या बाणाने त्या सरळ खाली आल्या आणि चपलांशी थांबल्या. दारातून झुळूक आली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "इथे वारा किती छान आहे."

वर त्यांची भावजय एक क्षण खुर्चीकडे पाहत राहिली. मग तीही थांबली नाही. मधल्या रेघेने खाली आली, दाराबाहेर पडली, तशीच जिना उतरून गल्ली ओलांडून घरी. चपला विसरून.

नवरा मागोमाग धावला. "काय होतं गं वर?"

"खुर्ची," ती म्हणाली. "आणि ओला रंग."

तिची पांढरी पावलं हॉलपासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत उमटली होती. "घासून निघतील," ती म्हणाली. तो रंग ट्रक जाऊनही निघत नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घराच्या दाराशी चाहूल लागली. दंतवैद्य, डोळे अर्धवट मिटलेले, पाऊल बरोबर पांढऱ्या पावलावर. मागे शिंपी, बँकेतल्या बाई, सगळं मंडळ. आणि सर्वांत शेवटी, चुकल्यासारखा चेहरा करून, अक्का.

"वहिनी, तेविसावी वाट सापडली," दंतवैद्य कुजबुजले. "आत येऊ?"

तिने रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"चपला तिकडे काढा," ती म्हणाली. "आणि तिथेच उभे राहा जरा. घाई नको. पात्रता यावी लागते."