डिलिव्हरी : एक पिशवी बोंबील

प्रगत समाजात माणसाला केवळ ओळखीचा आहे म्हणून आत सोडत नाहीत. आमची बोरीवलीची सोसायटी याबाबतीत फारच पुढे गेलेली आहे.

मी इथे राहायला आले तेव्हा गेटच्या जागी आडवा बांबू होता. त्याला मेमरी लागत नसे. (खंडू वॉचमन लागे. तो चालीवरून माणूस ओळखायचा आणि माहेरपणाला आलेल्या लेकींसाठी बांबू जरा जास्तच वर उचलायचा. पद्धत अर्थातच अशास्त्रीय.) आता गेटवर कॉम्प्युटर आहे. रहिवाशांच्या नोंदी त्याच्या डेटाबेसमध्ये असतात. परवा त्या डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली. जुनीत काहीच बिघाड नव्हता, हे समितीला बरेच दिवस खटकत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून ताजे बोंबील घेऊन परतले, तर गेट उघडेना. बोंबील हा धीर धरणारा मासा नव्हे.

"आजी, मी ओळखतो ओ तुम्हाला," वॉचमन अंबादास म्हणाला, "पण कॉम्प्युटर नाय ओळखत."

"मग तू कशाला बसलायस रे इथे?"

"कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला."

दुरुस्तीला आलेला सुयोग शेजारीच होता. नव्या आवृत्तीला मेमरी पुरत नाही, असं त्याने सौजन्याने समजावलं. त्याने आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता. मग पंखा त्याच्याकडे वळवला (अंबादास घामाघूम). शेवटी सगळ्यांत जुन्या नोंदी काढून टाकल्या.

"जुन्या म्हणजे कुठल्या रे?"

"तुमच्यापासून सुरुवात केली, आजी."

यश निर्विवाद होतं. मेमरीचा वापर शंभर टक्क्यांवरून साठवर आला, गेटबाहेरच्या म्हाताऱ्यांची संख्या सातवर गेली. तक्रार ॲपवर करायची असते आणि ॲप फक्त नोंद असलेल्यांना उघडतं. त्यामुळे तक्रारी शून्य.

पिशवी ठिबकू लागली. सुयोगने नाक दाबलं.

"काय आहे त्यात?"

"बोंबील."

"मग सोपंय! डिलिव्हरीच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या चालू आहेत. कुणाकडे द्यायचेत?"

"माझ्याकडे."

अशा रीतीने मी रीतसर माझ्या घरी पोहोचले. बेल वाजवली. दार वीतभर उघडलं. फोनवर बोलता बोलता सून दीप्तीने हात बाहेर काढला, पिशवी आत गेली, दार लागलं. मी पुन्हा बेल वाजवली.

"टिप ॲपवर दिलीये हां!" आतून आवाज आला.

खालून अंबादासने कॉम्प्युटरवर वाचून ओरडून कळवलं, की मला डिलिव्हरीचे तीन स्टार मिळालेत. शेरा : उशीर.

दीप्तीला मी बोल लावत नाही. तुम्हीही हसून घ्या. फक्त काल तुमच्या दारात जो पिशवी देऊन गेला, त्याचा चेहरा कसा होता, तेवढं सांगा. सावकाश आठवा. मी जिन्यावरच बसले आहे.