लाजाळूची साक्ष

हेडक्लार्कसाहेबांनी लाजाळूची कुंडी विकत आणली ती फक्त ताईला, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीला, खूश करायला. (एरवी झाडांशी त्यांचं कधी जमलं नाही. ऑफिसातला मनी प्लांटसुद्धा त्यांना बघून पिवळा पडायचा.)

ताई दोन वर्षांनी येत होती. त्याचं असं झालं, की साहेबांनी घरच्या सगळ्यांचा फोटो मोठा करून आणला. फ्रेम निघाली लहान. मग त्यांनी कडेचा जरासा भाग कापला. त्या जराशा भागात ताई होती! भिंतीवर लागलं ते तिचं एक कोपर. ते बघून ताई जी गेली, ती फोनही उचलेना. साहेबांची ही एकुलती एक बहीण. तिची बोलणी खाल्ल्याशिवाय त्यांना करमेना.

लहानपणी सुट्टीत दोघं आत्याकडे जायची. आत्याच्या परसात लाजाळू होती आणि भांडणांचा निकाल तीच द्यायची. ज्याच्यावर आळ, त्याने पानाला बोट लावायचं. पान मिटलं तर खरा, नाही मिटलं तर खोटा. कायदा अर्थात ताईचा. बाळ्या, म्हणजे आपले साहेब, दर वेळी खोटा ठरायचा आणि सुट्टीभर ताईचे कपडे वाळत घालायचा.

ताई येणार त्या दिवशी साहेबांनी सकाळी उठल्यापासून रंगीत तालीम सुरू केली. बोट लावलं, पान मिटलं. उघडलं, की पुन्हा बोट.

"अहो, जीव घ्याल तिचा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"खात्री नको करायला?"

ताई आली. तिने आधी फ्रेमकडे पाहिलं, मग कुंडीकडे. "अगं बाई, लाजाळू!" क्षणभर ती विरघळली. पण लगेच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ये बाळ्या, लाव बोट. मुद्दाम कापलंस ना मला?"

"नाही गं ताई, शपथ!"

साहेबांनी ऐटीत बोट लावलं. पान ढिम्म. दुसरं लावलं. तेही ढिम्म. त्यांना दरदरून घाम फुटला. शेवटी त्यांनी अख्खी फांदीच मुठीत धरली. (लाजाळूला काटे असतात, हे तेव्हा आठवलं.)

"कळलं," ताई पिशवी उचलत म्हणाली.

"वन्सं, थांबा!" बायको धावत आली. "सकाळपासून हे तिला हात लावतायत. कंटाळली असेल बिचारी."

"सकाळपासून?" ताईने पिशवी खाली टाकली आणि ती हसतच सुटली. "अरे गाढवा, सारखा हात लावला की ती मिटायचीच थांबते! आत्याकडे तुझी पाळी यायच्या आधी मी हेच करून ठेवायचे."

"म्हणजे मी... इतक्या सुट्ट्या... तुझे कपडे..."

"छान वाळत घालायचास हो."

साहेबांना रागवायचं होतं. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं, त्यामुळे राग काही जमेना. दुपारच्या चहापर्यंत झाडाला कोणी हात लावला नाही. मग ताईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, साहेबांनी बोट लावलं आणि पान झटकन मिटलं. ताईचे डोळे भरून आले. बायकोने तेवढ्यात फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात तो त्याच जुन्या फ्रेममध्ये लागला. ताई अख्खी होती. कुंडी अख्खी होती. साहेबांचं मात्र एक बोट तेवढं आलं होतं.

"आणि मी?"

"अहो, फ्रेम लहान आहे," बायको म्हणाली. "मुद्दाम नाही हं कापलं."

आणि ती कुंडीपासून चांगली चार हात लांब जाऊन उभी राहिली.