सगुणाबाईचे नऊ दगड

भोरच्या एका हिरड्याच्या वखारीत कुंडलिक कारकून होता. डोंगरातला हिरडा पोत्यांनी वखारीत यायचा, तिथून मुंबईला आणि मग बोटीनं विलायतेला जायचा, त्यामुळे वखारीतली वजनं सगळी इंग्रजी. सोळा औंसांचा पौंड, चौदा पौंडांचा स्टोन, आठ स्टोनांचा हंड्रेडवेट, हे कोष्टक कुंडलिक आंघोळ करतानाही म्हणायचा. (‘हर हर गंगे’ म्हणायचं राहून जायचं, पण औंस कधी राहिला नाही.)

त्याची बायको सगुणाबाई हिवतापातून उठली आणि सारोळ्याहून कुंडलिकाच्या सासऱ्यांचं, गेनबांचं, पत्र आलं. पोर बरी झाली तर तिच्या भारोभार गूळ भोरच्या भैरोबाला वाहीन, असा त्यांनी नवस केला होता. तरी तिचं वजन किती ते कळवावं.

शेर-मणाची वजनं शेजारच्या किराणा दुकानात होती. पण सासऱ्याला शेरात कळवायचं? शेरात काय, कुणीही कळवतं! कुंडलिकानं वखारीच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात बायकोला बसवलं, दुसऱ्यात चौदा पौंडी लोखंडी वजनं चढवली आणि झोकात कार्ड लिहिलं, ‘सौ. सगुणाबाईचे वजन नऊ स्टोन भरले.’

“अवो, शेरात लिवा की,” सगुणाबाई म्हणाली. “आबांना त्ये स्टोन कळायचं न्हाई.”

“कळत नाही म्हणून तर लिहायचं. मान वाढतो!”

मान वाढला तो असा. सारोळ्यात ते कार्ड गेनबांचा पुतण्या हैबती यानं वाचलं. तो दोन वर्षं खडकीच्या छावणीत पाणी भरून आलेला, त्यामुळे इंग्रजीच्या बाबतीत गावात त्याच्या पुढे कोणी बोलत नसे.

“स्टोन म्हंजी दगड, तात्या.”

आता गेनबांच्या घरात तोलायचा दगड एकच होता. दाराआडचा, काळा, बरोबर पाच शेरांचा. त्याला पासरी म्हणत, आणि आज्या-पणज्यापासून सगळा गूळ त्याच्यावरच तोललेला. पाच नव्वे पंचेचाळीस! गेनबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरी जायच्या दिवशी पोरीला गुऱ्हाळाच्या काट्यावर हौसेनं बसवलं होतं, तेव्हा ती चांगली साठ शेर भरली होती.

“पंधरा शेर पोरगी खाल्ली रं त्या कारकुनानं!”

तिसऱ्या दिवशी भोरात कुंडलिकाच्या दारी बैलगाडी उभी. गाडीत पंचेचाळीस शेर गूळ, हैबती आणि हैबतीची काठी.

“नवस फेडतो आन पोरीला घिऊन जातो,” गेनबा म्हणाले. “पुन्यांदा हितं धाडायची न्हाई.”

सगुणाबाईवाचून कुंडलिकाचं पान हलत नसे. शिवाय तिच्यावर त्याचा जीव होता, पण त्याचं कोष्टक नसल्यामुळे त्यानं ते तिला कधी सांगितलं नव्हतं.

“मामा, नऊ स्टोन म्हणजे काय थोडं वजन झालं?”

“पंचेचाळीस शेर!”

“अहो, स्टोन म्हणजे दगड नव्हे.”

“मग काय ढेकूळ?”

“तसा दगडच. पण चौदा पौंडांचा. आणि शेर म्हणजे दोन पौंड, वर साधारण एक औंस. आता चौदाला भागायचं...”

“हैबती, पोरीचं बोचकं बांध!”

तेवढ्यात सगुणाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आली. “आबा, कोष्टकं कशापायी? गूळ हाय, काटा हाय. मला बसवून बगा की!”

(हे कुंडलिकाला का सुचलं नाही, ते विचारू नये.)

सगळे वखारीत गेले. एका पारड्यात गुळाच्या ढेपा घातल्या, दुसऱ्यात सगुणाबाई बसली. तिचं पारडं दाणकन जमिनीला टेकलं आणि गूळ वर गेला. शेजारच्या दुकानातून वजनं आणून गुळावर ठेवत गेले, तेव्हा सोळा शेरांनी पारडी सारखी झाली. एकसष्ट! माहेरच्यापेक्षा शेरभर जास्तच. गेनबा तोंड भरून हसले आणि उरलेला गूळ आणायला हैबती बाजारात पळाला.

इथं कुंडलिकानं गप्प बसायला हवं होतं. पण जिंकलेला माणूस गप्प बसतो होय? “बघा मामा, काटा किती चोख आहे!” असं म्हणत, सगुणाबाई उतरताच, तो गुळावरची वजनं काढून स्वतःच रिकाम्या पारड्यात बसला.

पारडं हललं, डुललं, आणि गुळाच्या बरोबरीला येऊन थांबलं. पंचेचाळीस शेर. नऊ दगड!

गेनबांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“सगुणे, म्हंजी उपाशी ह्ये ऱ्हातंय व्हय?”

“म्या चार भाकरी वाडती, आबा. ह्ये कोष्टक म्हनत बसत्यात, आन भाकर मांजर खातंय.”

भैरोबाला एकसष्ट शेर गूळ पोचला. माहेरची गाडी मात्र रिकामी परतली नाही. वखारीतून रजा काढून तिच्यातून कुंडलिक गेला, बोचक्यासकट.

महिन्याभरानं सगुणाबाईला सारोळ्याहून कार्ड आलं. अक्षर हैबतीचं होतं, बोल गेनबांचे. ‘जावईबापूंना रोज शेरभर दूध व तुपातला शिरा चालू आहे. काल पासरीवर तोलले. नऊ दगड होते, ते नऊच आहेत. खाल्लेले सगळे इंग्रजीत जात असावे.’